माशाचं नाव विचारा, गावही विचारा

गप्पी मासा महाराष्ट्रात कुणाला नवा नाही. पावसाळा तोंडावर आला की आरोग्य खात्याची माणसं हौदांत, उघड्या टाक्यांत, साचलेल्या पाण्यात गप्पी सोडतात. डासांच्या अळ्या खाणारा मासा म्हणून ग्रामपंचायतीच्या फलकावरही त्याचं नाव असतं. इतका अंगवळणी पडलेला हा मासा मूळचा व्हेनेझुएला, गयाना आणि त्रिनिदाद या भागातला आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं. १८५९ साली विल्हेल्म पीटर्स यांनी व्हेनेझुएलातून आलेल्या नमुन्यांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनी काही मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे धाडले आणि १८६६ साली तिथल्या अल्बर्ट गुंथर यांनी ती नवी जात समजून तिला गप्पींचं नाव दिलं. जात नवी नव्हती, त्यामुळे शास्त्रात ते नाव टिकलं नाही. लोकांच्या तोंडी मात्र तेच राहिलं.

काचेच्या टाकीत छोटे मासे पाळणाऱ्या आणि पाळू पाहणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मासा घरी आणण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: याचं नाव काय आणि याचं गाव कोणतं. ‘टेट्रा’ किंवा ‘कोरी’ एवढ्या उत्तरावर थांबू नका, नेमकी जात विचारा. गाव म्हणजे कुठल्या नदीतला हा मासा, आणि समोरच्या पिशवीतला हा जीव तिथून पकडून आणलाय की कुठल्या फार्मवर जन्मलाय. क्रॉफर्ड मार्केट असो, कुर्ल्याची दुकानं असोत की तालुक्याच्या गावातलं एकुलतं एक ॲक्वेरियमचं दुकान असो, प्रश्न हेच. दर वेळी उत्तर मिळेलच असं नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर दुकानदार पुढच्या वेळी घाऊक व्यापाऱ्याला विचारेल, आणि तिथून पुढे ही चौकशी वर वर जाईल.

यात अभ्यासूपणाची हौस नाही, रोजचा फायदा आहे. विदर्भातल्या एखाद्या घराची टाकी घ्या. मे महिन्यात तिथलं पाणी सहज ३० अंशांच्या वर जातं. दुकानात दोन कोरी, म्हणजे तळाशी वावरणारे मिशाळ छोटे मासे, शेजारी शेजारी आहेत. एक पेपर्ड कोरी, म्हणजे पॅलिएटस. हा उरुग्वे, अर्जेंटिना आणि दक्षिण ब्राझीलचा, थंडी सोसणाऱ्या मुलखातला मासा. चार्ल्स डार्विन यांनी बीगल जहाजाच्या सफरीत याचे नमुने गोळा केले होते आणि १८४२ साली त्यांवरून जातीचं वर्णन झालं. दुसरा स्टर्बाय, काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि नारिंगी पर असलेला, ब्राझील-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीच्या खोऱ्यातला. त्याला २८ अंशांचं पाणी मानवतं. पॅलिएटसला ते पाणी महिनोन् महिने दिलं तर तो खंगत जातो. भाव जवळपास सारखा असला तरी नागपूरच्या घरात स्टर्बाय आणि महाबळेश्वरच्या घरात पॅलिएटस, असं ठरवायला गावाचं नाव पुरतं. हीटर, चिलर, औषधं यांचा खर्च त्यानंतरचा.

निऑन आणि कार्डिनल या जोडीचंही तसंच आहे. अंगावर निळी चकाकती रेघ आणि खाली लाल पट्टा असलेले हे दोन मासे बहुतेक टाक्यांत असतात आणि बहुतेक घरांत दोघांनाही निऑनच म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत, म्हणजे अर्ध्याच अंगावर असतो. कार्डिनलचा लाल रंग डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग जातो. तिसरा एक भाऊ आहे, ग्रीन निऑन. त्याचं लाल अगदी फिकं, पण निळी-हिरवी रेघ शेपटीच्या बुंध्यापर्यंत पोचते. तिन्ही पॅराकायरोडॉन या एकाच प्रजातीतले (जीनस). निऑन पश्चिम ॲमेझॉनमधल्या, पेरूकडच्या झऱ्या-ओढ्यांचा; त्याला २२ ते २५ अंश बरे वाटतात. कार्डिनल रिओ निग्रो आणि वरच्या ओरिनोकोच्या खोऱ्यातला. तो २७-२८ अंशांत खुशाल राहतो. आपल्या उन्हाळ्यात कार्डिनल निऑनपेक्षा बरा टिकतो, याचं कारण एवढंच आहे.

या दोघांच्या नावांमागे माणसांची धडपड आहे. निऑन पेरूच्या जंगलातून बाहेर आणला तो ऑगस्त राबो या फ्रेंच संग्राहकाने, १९३० नंतरच्या दशकात. अमेरिकेतले मत्स्यतज्ज्ञ जॉर्ज मायर्स यांनी १९३६ साली त्याचं वर्णन केलं आणि विल्यम इन्स या मत्स्यप्रेमी संपादकाच्या नावावरून त्याला ‘इन्सी’ हे नाव दिलं. कार्डिनलच्या वेळी तर शर्यतच लागली. लिओनार्ड शुल्ट्झ यांचं वर्णन २० फेब्रुवारी १९५६ या तारखेने छापलं गेलं. मायर्स आणि वाइट्झमन यांचं त्याच माशाचं वर्णन दुसऱ्या दिवशीच्या, २१ तारखेचं. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे वाद गेला आणि एका दिवसाने आधी आलेलं नाव कायम झालं. म्हणून आज हा मासा शुल्ट्झ यांनी दिलेल्या ‘ॲक्सेलरॉडी’ या नावाने ओळखला जातो.

आता गावाकडे वळू. ब्राझीलमध्ये मनौसपासून रिओ निग्रोने सुमारे ४०० किलोमीटर वर गेलं की बार्सेलोस नावाचं नगर लागतं. इथलं पाणी कडक चहाच्या रंगाचं, कारण जंगलातला पालापाचोळा त्यात कुजत असतो. पाण्याचा सामू, ज्याला आपण पीएच म्हणतो, चार-पाचच्या घरात. क्षार जवळजवळ पावसाच्या पाण्याइतके कमी. दर वर्षी नदी कित्येक मीटर चढते आणि जंगलात शिरते. या बुडालेल्या जंगलाला तिकडे इगापो म्हणतात. मासे झाडांच्या बुंध्यांमधून फिरतात, खातात, वाढतात. पाणी उतरलं की ते ओढ्यांत परततात, आणि मागे राहिलेल्या डबक्यांत असंख्य मासे दर वर्षी मरतात. निसर्गात कार्डिनलचं आयुष्य बहुधा एखाद्या वर्षाचंच असतं. टाकीत तोच मासा चार-पाच वर्षं जगतो.

बार्सेलोसच्या आसपास हे मासे पकडणारे लोक म्हणजे पियाबेरो. पियाबा म्हणजे छोटा मासा. होडीतून ओढ्यात शिरायचं, बुडालेल्या झुडपांच्या कडेला कार्डिनलचा थवा हेरायचा आणि हातजाळीत अलगद वळवून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. डायनामाइट नाही, विष नाही, यंत्रही नाही. पकडलेले मासे टोपल्यांत, पाण्यातल्या तरंगत्या पिंजऱ्यांत ठेवतात, मग बोटीने मनौस आणि तिथून विमानाने जगभर. हा धंदा ऐन भरात होता तेव्हा रिओ निग्रोतून वर्षाला कोटीच्या संख्येने कार्डिनल बाहेर जात. तरीही नदीतला कार्डिनल संपला नाही. उलट ज्यांच्या चुली या माशावर पेटत होत्या त्यांनी जंगल राखलं, कारण जंगल बुडालं तरच मासा वाढतो हे त्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. १९८९ साली निंग लाबिश चाओ या मत्स्यशास्त्रज्ञाने तिथे प्रोजेक्ट पियाबा सुरू केला, तो याच गोष्टीचा अभ्यास करून पियाबेरोंच्या बाजूने उभं राहण्यासाठी. पुढे आशियातल्या आणि युरोपातल्या फार्मवर कार्डिनलची पैदास जमू लागली, स्वस्त मासा बाजारात आला आणि बार्सेलोसचा धंदा आटला. मासे पकडणं सुटलेला माणूस मग पोटासाठी दुसरीकडे बघतो, आणि ॲमेझॉनमध्ये दुसरीकडे म्हणजे बहुधा लाकूडतोड, सोन्याची खाण किंवा गुरांसाठी जंगल साफ करणं. २०१४ साली रिओ निग्रोच्या शोभिवंत माशांना ब्राझीलमध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देवगडच्या हापूसला, येवल्याच्या पैठणीला जे मिळालं त्याच जातीचं हे मानांकन.

हे एवढं विस्ताराने सांगितलं, कारण आपल्याकडे एक समज घट्ट झाला आहे: निसर्गातून पकडलेला मासा घेणं पाप आणि फार्मवरचा घेणं पुण्य. मला तो समज मान्य नाही. उत्तर माशागणिक बदलतं. निऑन जवळजवळ सगळे फार्मवरचेच येतात. तेच घ्या, त्यांची अडचण काही नाही. कार्डिनल मात्र रिओ निग्रोतून आलेला मिळत असेल आणि व्यापारी ते खात्रीने सांगू शकत असेल, तर दहा-वीस रुपये जास्त मोजून तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. झेब्रा प्लेको, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा, बोटभर लांबीचा देखणा मासा. हौशी मंडळी त्याला एल-०४६ म्हणतात. १९९१ साली त्याचं वर्णन झालं. जगात तो एकाच ठिकाणी सापडतो: ब्राझीलच्या शिंगू नदीत, तिच्या मोठ्या वळणाच्या परिसरात, वेगवान पाण्याखालच्या खडकांच्या भेगांमध्ये. त्याच वळणाचं बरंचसं पाणी बेलो मोंते धरणाने दुसरीकडे वळवलं; तिथली वीजनिर्मिती २०१६ साली सुरू झाली. मादी एका वेळी जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते. ब्राझीलने त्याच्या निर्यातीला बंदी केली तरी तो चोरट्या मार्गाने बाहेर जात राहिला. २०२२ च्या अखेरीस पनामातल्या परिषदेत तो वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतला गेला. हा मासा पकडलेला मिळाला तर कुठल्याही भावाला घेऊ नका. टाकीत जन्मलेलाच घ्या, आणि पैदास कुणी केली, आईबाप कुठले, कागद काय आहेत हे विचारून घ्या. विकणारा उत्तर टाळत असेल तर पिशवी खाली ठेवून निघा.

ओळख पटवण्याचं काम दिसतं त्यापेक्षा अवघड असतं आणि त्यातच खरी गोडी आहे. कोरींचंच बघा. एकाच ओढ्यात दोन-तीन जाती राहतात आणि त्यांच्या अंगावरचे पट्टे, ठिपके हुबेहूब सारखे असतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की हे सारखे दिसणारे मासे बऱ्याचदा वेगवेगळ्या वंशशाखांचे असतात. रंग एकमेकांसारखा झालेला, पण तोंडाची लांबी आणि खाण्याची रीत वेगळी. कोरीच्या परांत टोकदार विषारी काटे असतात, तेव्हा एकाच रंगाने सगळ्यांनी शत्रूला बजावणं सगळ्यांच्याच फायद्याचं ठरतं. आपल्यासाठी याचा अर्थ असा की पकडणाऱ्याच्या जाळीत दोन जाती एकत्र येतात आणि दुकानातल्या एकाच पिशवीत उतरतात. सहा मासे घेताना बाजूने तोंडं बघा. चार आखूड नाकाचे आणि दोन लांब नाकाचे असतील तर त्या दोन जाती आहेत, आणि तुम्ही वर्षानुवर्षं वाट पाहिलीत तरी त्यांची जोडी जमायची नाही. कोरी जाळीने पकडू नका, काटे जाळीत अडकतात आणि पर फाटतो. प्लास्टिकच्या वाडग्यात वळवून घ्या. काटा बोटात गेला तर चांगलीच कळ येते.

नावं बदलतात, त्याने गांगरून जाऊ नका. २०२४ साली कोरीडोरास प्रजातीची मोठी फेररचना झाली आणि आपल्या ओळखीचा पांडा कोरी आता होप्लिसोमा प्रजातीत, तर ब्राँझ कोरी ऑस्टिओगॅस्टर प्रजातीत गेला. ज्यांना अजून शास्त्रीय नाव मिळालेलं नाही अशा माशांना जर्मनीच्या ‘दात्स’ मासिकाने क्रमांक द्यायला सुरुवात केली: प्लेकोंना १९८८ पासून एल आणि कोरींना पुढे सी. वहीत जुनं नाव, नवं नाव आणि क्रमांक तिन्ही लिहून ठेवा. फोटो काढताना मासा बरोबर आडवा, पर उघडे, अशा वेळी काढा आणि मागे साधा कागद लावा. रंग भीतीने किंवा प्रवासाने फिका पडतो, म्हणून एकट्या रंगावर विसंबू नका. तोंडाचा आकार, मिशांची लांबी, पाठीच्या परावरचा डाग, शेपटीच्या बुंध्यावरची खूण, पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे असलेला तो इवलासा मांसल पर आहे की नाही, हे बघा. टेट्रा आणि कोरी दोघांत तो बहुधा असतो. आपल्या पुंटियससारख्या माशांत नसतो.

एपिस्टोग्रामा, म्हणजे छोटे सिक्लिड, यांच्याबाबतीत एकच नियम पाळा: दोन जाती एका टाकीत ठेवू नका. नर वेगवेगळे ओळखू येतात, पण अंडी राखणाऱ्या माद्या सगळ्याच पिवळ्याधमक होतात आणि कुठली कुठल्या जातीची हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. गप्पी आणि एंडलर यांचीही तीच कथा. एंडलर हा व्हेनेझुएलात कुमानाजवळच्या एका खाजणातला मासा. जॉन एंडलर यांनी तो १९७५ साली गोळा केला. २००५ साली त्याला स्वतंत्र जात म्हणून विंगेई हे नाव मिळालं. गप्पीबरोबर ठेवला की दोघांची सरमिसळ होते आणि दोन-तीन पिढ्यांत शुद्ध एंडलर उरत नाही. बाजारात एंडलर म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं असं मिसळलेलं असतं.

पैदास करायची तर कोरीपासून सुरुवात करा. ब्राँझ कोरीचे पाच-सहा मासे, तीन फुटी टाकी, बारीक गोल वाळू आणि चांगलं खाणं: ब्लडवर्म, आर्टेमिया, अधूनमधून धुऊन घेतलेले ट्युबिफेक्स. माद्यांची पोटं भरली की एकदा टाकीतलं निम्मं पाणी काढून त्या जागी चार-पाच अंशांनी अधिक थंड पाणी हळूहळू सोडा. त्यांच्या मुलखात पाऊस सुरू झाल्याची ती खूण असते. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरी आल्या, हवेचा दाब उतरला की अशा वेळी कोरी आपण होऊनही अंडी घालतात. जोडी जुळताना नर आडवा आणि मादीचं तोंड त्याच्या कुशीला, अशी ती उभी-आडवी रचना दिसते. १९९५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की मादी त्या वेळी नराचं वीर्य तोंडात घेते, ते तिच्या आतड्यातून झपाट्याने बाहेर येतं आणि पोटाजवळच्या परांत धरलेल्या दोन-चार अंड्यांना मिळतं. मग ती काचेवर जागा शोधून अंडी चिकटवते. अंडी बोटाने हलकेच सोडवून त्याच पाण्याच्या डब्यात, मंद हवेच्या दगडाजवळ ठेवा. पांढरी पडलेली रोज काढा. तीन-चार दिवसांत पिल्लं निघतात.

एपिस्टोसाठी आपल्या स्वयंपाकघरात उत्तम वस्तू आहे, नारळाची करवंटी. स्वच्छ खरवडून, उकळून, कडेला बोटभर खाच पाडून उपडी ठेवा. मादी छताला अंडी चिकटवते आणि नरालाही जवळ येऊ देत नाही. सुरुवातीला काकाटुईडीस घ्या, त्याला पाण्याचे फार नखरे नाहीत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. १९९६ साली जर्मन संशोधक उवे रोमर आणि त्यांचे सहकारी यांनी एपिस्टोच्या तीसहून अधिक जातींवर प्रयोग करून दाखवलं की पिल्लांचं लिंग पाण्याच्या तापमानावर ठरतं. पाणी जितकं उबदार तितके नर अधिक. पहिल्या महिनाभरातलं तापमान यात महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये पैदास केलीत तर टाकीभर नर हाती येतील आणि पुढची पिढी तिथेच अडेल. हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान करा, पाणी २५-२६ अंशांवर ठेवा.

निऑन आणि कार्डिनल शेवटी घ्या, कारण त्यांचा सगळा खेळ पाण्याचा आहे. जड पाण्यात अंडी फळत नाहीत. मुंबईचं नळाचं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं साठवलेलं, त्यात क्षार कमी. मराठवाड्यातलं, सोलापूरकडचं बोअरचं पाणी काळ्या खडकातून आलेलं, जड. आरओचं किंवा पावसाचं पाणी वापरा. पावसाचं घ्यायचं तर पहिले दोन-चार पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, पत्र्यावरून उतरलेलं घेऊ नका. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर तीन-चारशे रुपयांना मिळतो, तो घ्याच. त्या पाण्यात रस्त्याकडेच्या देशी बदामाची, आपोआप गळलेली, वाळलेली तपकिरी पानं धुऊन टाका. पाणी तपकिरी होतं, सामू थोडा उतरतो आणि अंड्यांना बुरशी कमी धरते. जगभरातले हौशी ही पानं विकत घेतात, आपल्याकडे ती झाडूवाला गोळा करतो. धुरळणी केलेल्या झाडाची तेवढी घेऊ नका.

टाकी छोटी, उघड्या तळावर जाळी किंवा जावा मॉसचा गुच्छ, बाहेरून काळा कागद. निऑनची अंडी उजेडात टिकत नाहीत. मादी गोलसर, तिच्या अंगावरची निळी रेघ किंचित वाकलेली दिसते. नर सडपातळ, रेघ सरळ. संध्याकाळी जोडी सोडा, अंडी घातली की दोघांना लगेच बाहेर काढा, नाहीतर तीच खातात. साधारण दिवसाभरात पिल्लं फुटतात, चार-पाच दिवसांनी पोहू लागतात, आणि इथेच बहुतेकांची पैदास संपते, कारण त्यांच्या तोंडात मावेल इतकं बारीक खाणं तयार नसतं. म्हणून जोडी सोडण्याच्या आठवडाभर आधी बरणीत टाकीचं जुनं पाणी, कोबीचं सुकलेलं पान किंवा भाताचा पेंढा घालून खिडकीत ठेवा. त्यात जे सूक्ष्म जीव वाढतात तेच पहिल्या आठवड्याचं अन्न. त्यानंतर ताजी फुटलेली आर्टेमिया.

पिल्लं मोठी झाली की ती कुणाला तरी द्यावी लागतात, आणि तिथे माझी सगळ्यात मोठी विनंती आहे. कुठलाही मासा विहिरीत, तळ्यात, नदीत सोडू नका. काच साफ करतो म्हणून बोटाएवढा विकला जाणारा सकर मासा हा दक्षिण अमेरिकेचाच सेलफिन प्लेको आहे. तो हातभर होतो, मग टाकीत मावत नाही, मग जीव वाचवला म्हणून कुणीतरी तळ्यात सोडतं. आज तो आंध्रपासून बंगालपर्यंत भारतातल्या कितीतरी जलाशयांत फोफावला आहे. काठाला बिळं पाडतो, कोळ्यांची जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही. ज्यांना काच साफ करणारा मासा हवा त्यांनी नाव विचारून अँसिस्ट्रस घ्यावा. तो वीतभरही होत नाही आणि करवंटीत सहज पैदास देतो. गप्पीसुद्धा बंद हौदापुरता ठेवा. सह्याद्रीच्या ओढ्यात अळ्या खायला आपला पॅनचॅक्स आहेच, आणि तिथे गप्पी गेला तर तो आपल्या माशांची पिल्लंही खातो.

पिल्लं दुकानदाराला द्या, ओळखीच्या हौशी माणसाला द्या, शाळेच्या टाकीला द्या. कुणीच घेत नसेल तर त्या जोडीची पैदास थांबवा. नर-मादी वेगळे ठेवले की झालं. आणि देताना पिशवीवर चिठ्ठी लावा: शास्त्रीय नाव, नदीचं किंवा प्रदेशाचं नाव माहीत असेल तर ते, आईबाप पकडलेले की टाकीतले, किती पिढ्या आपल्याकडे झाल्या, जन्माचा महिना आणि पाणी कसं होतं. नदी माहीत नसेल तर तिथे अंदाजाने काही लिहू नका, जागा कोरी सोडा.